बिनपायाच्या अळीचे सहा पाय

फळमाशीच्या अळीला पाय नसतात. एकसुद्धा नाही. पंख नसतात, मिशा नसतात, माशीला असतात तसे लालभडक डोळेही नसतात. पुढच्या टोकाला तोंडातले दोन काळे आकडे आणि त्यामागे अखंड खाणारं पांढरट शरीर, एवढाच ऐवज. ही अळी चार दिवस खाते, मग कोरडी जागा गाठून तिथे चिकटते. तिची कातडी कडक, तपकिरी होते. आणखी चार-पाच दिवसांनी त्या कवचातून सहा पाय, दोन पंख आणि शेकडो भिंगांचे दोन डोळे घेऊन माशी बाहेर पडते.

शाळेचं पुस्तक याला 'रूपांतरण' म्हणतं आणि पुढच्या धड्याकडे वळतं. त्यामुळे आपला समज होतो, की अळीचंच काहीतरी ताणूनवळवून माशी बनत असणार. तसं नाही. माशीचा पाय अळीच्या कुठल्याही चालत्या अवयवापासून बनत नाही. तो अळीच्या आत, बाजूला, गुपचूप वाढत असतो आणि अळीला त्याचा काडीचा उपयोग नसतो. चेतासंस्थेचा बराच भाग आणि मूत्रनलिका यांसारख्या थोड्या गोष्टी पुढे चालू राहतात. बाकी बहुतेक अळी मोडीत निघते. तेव्हा अळीची माशी होते असं म्हणण्यापेक्षा अळी माशीला पोसते, हे जास्त खरं.

आधी माशी कोणती ते ठरवू

देवगड-रत्नागिरीचा आंबा बागायतदार जिला फळमाशी म्हणतो आणि जिच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा झाडाला टांगतो, ती ही नव्हे. ती मोठी, भरल्या फळात अंडी घालणारी, वेगळ्याच कुळातली. आपली माशी म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारं, अडीच-तीन मिलिमीटरचं चिलट. प्रयोगशाळेतलं नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. तिला चांगलं फळ नासवण्यात रस नसतो. आधीच आंबलेल्या फळावरचं यीस्ट हे तिचं जेवण. २५ अंश सेल्सियसला अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा प्रवास दहा दिवसांत उरकतो. शास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ तिच्या मागे का लागले आहेत, त्याचं निम्मं उत्तर या दहा दिवसांत आहे.

नऊ जोड्या आणि एक एकटी

अळीच्या कातडीखाली १९ चपट्या पिशव्या असतात. 'इमॅजिनल डिस्क' हे त्यांचं भारदस्त नाव. आपण चकत्या म्हणू. पायांच्या तीन जोड्या, पंखांची एक, पंखामागे असणाऱ्या 'हॉल्टेअर' नावाच्या चिमुकल्या गुंड्यांची एक, तोंडाच्या भागांच्या दोन, छातीच्या पुढच्या तुकड्याची एक. डोळा आणि मिशी यांची जोडी सामाईक: माशीचा डावा डोळा आणि डावी मिशी एकाच चकतीतून निघतात. झाल्या नऊ जोड्या. उरलेली एकटी मागच्या टोकाला असते, ती जननेंद्रियांची. पोटाच्या कातडीला चकती नाही. ती छोट्या पेशीपुंजक्यांपासून बनते.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आउगुस्ट वाइसमान यांनी १८६४ मध्ये माश्यांमधल्या या पिशव्यांचं वर्णन केलं. त्याच्या दोनशे वर्षं आधी डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम यांनी सुरवंट चिरून आतले फुलपाखराचे पंख दाखवले होते, आणि बघायला बसले होते फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातले कोसिमो. राजेलोकांच्या करमणुकीची पातळी तेव्हा बरी होती, म्हणायची.

चकतीतल्या पेशी आणि अळीच्या पेशी यांचे स्वभाव उलटे. अळीच्या पेशी फारशा विभागत नाहीत, नुसत्या फुगतात. लाळग्रंथीच्या पेशी तर डीएनएच्या प्रतींवर प्रती काढत इतक्या मोठ्या होतात, की त्यांची गुणसूत्रं कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यापट्ट्यांसह दिसतात. चकतीच्या पेशी उलट लहानच राहतात आणि विभागत सुटतात. पंखाची चकती सुरू होते तेव्हा तिच्यात ३० ते ५० पेशी असतात. अळी चिकटते तोवर त्यांच्या सुमारे ५०,००० झालेल्या असतात. आणि एवढ्या गडबडीत पंख मात्र एकही नाही, नुसती दुमडलेली पिशवी.

या चकत्यांना वाढायला लावणाऱ्या एका जनुकाचं नाव आहे डेकापेंटाप्लेजिक. ते बिघडलं की १९ पैकी १५ चकत्यांचा विचका होतो, आणि नावातला आकडा तोच आहे. माशीवाल्यांनी बारशाला आकडेमोड केली, त्याचं हे उदाहरण.

पाय उलगडतो कसा

पूर्वी प्रवासात घडीचा पेला नेत. एकात एक बसलेल्या कड्या, वर ओढल्या की पेला. पायाची चकती नेमकी तशी असते: एकात एक गोल घड्या. सगळ्यात मधला ठिपका म्हणजे पायाचं टोक, नखं. त्याबाहेरच्या कड्यांतून पावलाचे पाच तुकडे, मग नडगी, मग मांडी, आणि सगळ्यात बाहेरची कडा म्हणजे छातीला चिकटणारा भाग. पाय जणू वरून ठोकून सपाट केलेला.

कुठल्या कडीनं काय व्हायचं, हे ठरतं कसं? चकतीच्या एका अंगाला एक प्रथिन तयार होतं, दुसऱ्या अंगाला दुसरं. दोन्ही भेटतात फक्त मध्यभागी. जिथे दोन्हींचा जोर असतो तिथे डिस्टल-लेस नावाचं जनुक जागं होतं आणि 'इथे टोक' असं ठरून जातं. त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात, जोर थोडा कमी, तिथे डॅक्सहुंड जनुक काम करतं. हे नसलं तर पायाचा मधला भागच गळतो, वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांना येऊन भिडतो आणि माशी आखूड पायांची होते. डॅक्सहुंड जातीची बुटकी, लांबट कुत्री ज्यांनी पाहिली असतील त्यांना नाव का ठेवलं हे सांगायला नको.

डिस्टल-लेस मात्र नुसतं माशीपुरतं नाही. फुलपाखराच्या पंखावरचा डोळ्यासारखा ठिपका जिथे उमटायचा असतो, तिथेही आधी हेच जनुक जागं होतं. १९९०च्या दशकात शोधत गेल्यावर ते जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या भलत्याच प्राण्यांत, जिथे जिथे शरीरातून काहीतरी बाहेर फुटतं तिथे तिथे, सापडत गेलं.

आणि उलगडणं? ते काही तासांचं काम. अळीचं कवच कडक झाल्यावर सुमारे सहा तासांत पाय आणि पंख बाहेर आलेले असतात. बाराव्या तासाच्या आसपास, इतका वेळ छातीत बुडालेलं डोकं एकदम पुढे उसळतं. एवढ्या वेगानं पाय लांबायचा तर नव्या पेशी लागत असतील, असं वाटेल. लागत नाहीत. बर्कलीतल्या जेम्स आणि डायॅन फ्रिस्ट्रम यांच्या गटानं १९९१ मध्ये दाखवलं, की चकतीत पेशी पायाच्या घेराच्या दिशेनं आडव्या ताणलेल्या असतात. वेळ आली की त्या गोलसर होतात. घेर आक्रसतो, लांबी वाढते. म्हणजे लांबी आधीपासूनच साठवलेली होती, आडवी करून. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

याहून मजा म्हणजे याला अळी लागतच नाही. चकती काढून काचेच्या बशीत ठेवा, योग्य संप्रेरक घाला. पाय बशीतल्या बशीत उलगडतो.

पाचशे किलो कोषांमधून चिमूटभर

ते संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. १९५४ मध्ये जर्मनीत आडोल्फ बुटेनांट आणि पीटर कार्लसन यांनी ते पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळवलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोष लागले. हाती आले २५ मिलिग्रॅम.

या रेणूचा खाक्या अजब आहे. एकच निरोप, पण प्रत्येक ऊती त्याचा अर्थ आपापला लावते. पायाच्या चकतीला तो म्हणतो, उलगड. लाळग्रंथीला आधी म्हणतो, गोंद सोड. त्याच गोंदानं अळी भिंतीला चिकटते. काही तासांनी तोच निरोप पुन्हा येतो आणि लाळग्रंथीपुरता त्याचा अर्थ होतो, आता मर. ग्रंथी मुकाट विरघळते.

एक्डायसोनच्या विरुद्ध बाजूला 'बालसंप्रेरक' असतं, किड्याला लहानच ठेवणारं. त्याची एक गोष्ट फळमाशीची नसली तरी सांगायलाच हवी. १९६०च्या दशकात कारेल स्लामा प्रागहून हार्वर्डला गेले, सोबत त्यांचे लाल ढेकणांच्या जातीचे किडे घेऊन. प्रागमध्ये छान वयात येणारे हे किडे अमेरिकेत मोठे व्हायलाच तयार होईनात. पोरवयातच धिप्पाड व्हायचे आणि मरायचे. खाणं तेच, तापमान तेच. शेवटी चोर सापडला तो बाटलीत अंथरलेला कागदी टॉवेल. ज्या झाडाच्या लगद्यापासून तो बनला होता, त्या अमेरिकन बाल्सम फर झाडातच बालसंप्रेरकासारखं द्रव्य होतं. मग त्यांनी वर्तमानपत्रं अंथरून पाहिली. न्यूयॉर्क टाइम्सवर वाढलेले किडे पोरच राहिले, लंडनच्या टाइम्सवरचे व्यवस्थित वयात आले. 'सायन्स'नं किडे अडवले, 'नेचर'नं नाही. कुठल्या नियतकालिकाचा कागद कुठल्या झाडाचा, एवढाच फरक. पण संपादकांना चिमटे काढायला तो पुरला असणार.

'थांब, पाय व्हायचाय!'

अळीला इजा झाली आणि एक चकती जखमी झाली तर? बाकी शरीर तयार, पाय अर्धवट, आणि कोषात जायची वेळ आलेली. असं झालं तर लंगडी माशी जन्माला यावी. येत नाही. अळी थांबते. चकती दुरुस्त होईपर्यंत कोषात जाणं लांबवते, तेवढा वेळ खातपीत राहते.

चकती मेंदूला कळवते कशी, हे कोडं बरीच वर्षं सुटेना. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी उत्तर दिलं: जखमी चकती डिल्प-८ नावाचं इन्सुलिनच्या कुळातलं प्रथिन सोडते, ते मेंदूपर्यंत जातं आणि एक्डायसोनची लाट अडवून धरतं. हे जनुकच काढून टाकलं तर? डावा-उजवा हिशेब चुकतो. एक पंख किंचित मोठा, एक किंचित लहान अशा माश्या वाढतात. म्हणजे हा निरोप अपघातापुरता नाही. रोजच्या वाढीत दोन्ही बाजू सारख्या राखायलाही तोच लागतो.

डोक्यावर पाय, पायावर डोळे

आता सर्कस. अँटेनापीडिया हे जनुक एरवी छातीच्या भागात काम करतं. एका उत्परिवर्तनात ते चुकून डोक्यातही जागं होतं आणि माशीला मिशांच्या जागी पाय फुटतात. अर्धेकच्चे नाहीत, नडगीपासून नखापर्यंत सगळं असलेले, कपाळातून पुढे आलेले दोन पाय. उलटही होतं. छातीच्या मधल्या पायाच्या पेशींमधून हे जनुक काढलं तर तिथे मिशी उगवते. याचा अर्थ असा, की मिशी आणि पाय हे मुळात एकाच ठेवणीचे अवयव आहेत आणि 'पाय हो' असा हुकूम देण्यापेक्षा 'मिशी होऊ नकोस' एवढं सांगणं हे या जनुकाचं मोठं काम आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या वाल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत या जनुकावर बरंच काम झालं, आणि तिथूनच १९९५ मध्ये त्याहून विचित्र माश्या बाहेर पडल्या. 'आयलेस' हे जनुक नसलं तर माशीला डोळे येत नाहीत, हे ठाऊक होतं. गेहरिंग यांच्या गटानं ते पाय, पंख आणि मिशा यांच्या चकत्यांत मुद्दाम जागं केलं. पायावर डोळे आले. पंखाखाली डोळे आले. मिशीच्या टोकाला डोळा आला. लाल, भिंगाभिंगांचे, खरेखुरे. मग त्यांनी उंदराचं तेच जनुक माशीत घातलं, आणि तरीही डोळा आला. उंदराचा नव्हे, माशीचाच. पन्नास कोटी वर्षांहून जास्त काळ वेगळ्या वाटांनी चाललेल्या दोन प्राण्यांत 'इथे डोळा कर' हा हुकूम एकच, आणि डोळा कसा करायचा हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

चार पंख, उड्डाण शून्य

माश्यांना दोनच पंख. मागच्या पंखांच्या जागी हॉल्टेअर: उडताना पंखांच्या उलट तालात हलणाऱ्या गुंड्या, ज्यांच्यामुळे माशीला आपण कुठल्या बाजूला कलंडतोय हे कळतं. त्या कापल्या तर माशीला नीट उडता येत नाही.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक माशी दिसली, जिच्या हॉल्टेअरचा काही भाग पंखासारखा झाला होता. पुढे एडवर्ड लुईस या शांत गृहस्थानं कॅलिफोर्नियात बसून याच एका जनुकसमूहावर अनेक दशकं घालवली. त्यांनी तीन उत्परिवर्तनं एकत्र जुळवून पुरी चार पंखांची माशी तयार केली. जीवशास्त्राच्या पुस्तकांत तिच्याइतकी गाजलेली माशी दुसरी नसेल. उडता मात्र येत नाही तिला. जास्तीचे पंख हलवायला स्नायू नाहीत आणि तोल सांभाळणाऱ्या गुंड्याही गेल्या. १९९५ चं नोबेल लुईस यांना मिळालं, क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्यासोबत.

यातल्या मुख्य जनुकाचं नाव अल्ट्राबायथोरॅक्स. हॉल्टेअर घडवायचं म्हणून हे जनुक वेगळी कृती काढत नाही. पंखाचीच कृती चालू असते आणि हे जनुक तिला ठिकठिकाणी खीळ घालतं: इथे वाढ कमी, इथे शिरा नकोत, इथे काठाचे केस नकोत. ही खीळ नेमकी कुठे कुठे बसते, यावर भारतात मोलाचं काम झालंय. एल. एस. शशिधर यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत ते सुरू केलं आणि पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत पुढे नेलं. पाषाणच्या टेकडीशेजारी वर्षानुवर्षं बाटल्यांमधल्या माश्यांच्या मागच्या गुंड्या न्याहाळल्या गेल्या, हे कितीशा पुणेकरांना माहीत असेल?

गव्हाच्या संस्थेतली बिनपंखी

भारताचा खरा मानाचा तुरा वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था आपल्याला माहीत आहे ती गव्हाच्या वाणांसाठी. तिथे आर. पी. शर्मा यांना एक विचित्र माशी सापडली. कधी एक पंख नाही, कधी दोन्ही नाहीत, आणि पंखाच्या जागी चक्क पाठीचाच आणखी एक तुकडा. १९७३ मध्ये त्यांनी 'विंगलेस' या नावानं छोटी नोंद छापली. १९७६ मध्ये शर्मा आणि चोप्रा यांचा सविस्तर शोधनिबंध आला.

एका माशीचा पंख गेला, जगाला काय त्याचं? सहा वर्षांनी, १९८२ मध्ये, रोएल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांना अमेरिकेत उंदरांच्या स्तनाच्या गाठींमध्ये एक जनुक सापडलं. त्याला इंट-१ म्हटलं गेलं. १९८७ मध्ये माशीतलं इंट-१ शोधायला गेल्यावर कळलं, की ते म्हणजे दिल्लीचं विंगलेसच. दोन्ही नावं जोडून या सगळ्या कुळाला 'विंट' म्हणायला लागले. आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं कुठलंही पुस्तक विंटशिवाय पुरं होत नाही. वर पायाच्या चकतीत दोन अंगांची दोन प्रथिनं मध्यावर भेटतात असं म्हटलं ना? त्यातलं एक हे विंगलेस, दुसरं पंधरा चकत्यांवालं.

चकतीचं मन बदलतं तेव्हा

झुरिकच्या एर्न्स्ट हाडोर्न यांनी एक युक्ती केली. चकतीचा तुकडा अळीत न ठेवता मोठ्या माशीच्या पोटात ठेवला. तिथे कोषात नेणारी एक्डायसोनची लाट कधीच येत नाही, त्यामुळे पेशी वाढत राहतात पण अवयव बनत नाहीत. माशी म्हातारी झाली की तुकडा दुसऱ्या माशीत. असं वर्षानुवर्षं. मधूनच एखादा तुकडा कोषात जाऊ घातलेल्या अळीत घालून बघायचं, काय बनतं ते.

बहुतेकदा पायाच्या चकतीचा पाय, पंखाच्या चकतीचा पंख. कित्येक पिढ्या विभागूनही पेशींना आपण कोण ते आठवत होतं. पण अधूनमधून पायाच्या चकतीतून पंख निघे. जननेंद्रियाच्या चकतीतून मिशी. आणि हे बदल वाटेल तसे नव्हते. काही वाटा सोप्या, काही अवघड, काही बंदच. १९६०च्या दशकातल्या या निरीक्षणांनी भल्याभल्यांची झोप उडवली होती. पुढे १९९६ मध्ये दिसलं, की 'व्हेस्टिजियल' हे एकच जनुक पायाच्या चकतीत जागं केलं तरी तिथे पंखाची ऊती उगवते. चकत्यांच्या ओळखी पक्क्या असतात, पण थोड्याच खिळ्यांवर तोललेल्या.

फुटकळ, पण गाळवत नाहीत असे

पंखात एक रेघ असते, दिसत नाही. पुढच्या बाजूच्या पेशी मागे जात नाहीत, मागच्या पुढे येत नाहीत. ती कुठल्याही शिरेवरून जात नाही. तिसऱ्या आणि चौथ्या शिरेच्या मधून जाते. माद्रिदच्या अंतोनियो गार्सिया-बेलिदो, पेद्रो रिपोल आणि हिनेस मोराता यांनी १९७३ मध्ये ती शोधली.

पायाचे सांधे दुमडतात ते काही पेशी मरतात म्हणून. आणि मरता मरता त्या गप्प बसत नाहीत. आतून शेजाऱ्यांचा पृष्ठभाग खाली ओढतात, त्यातून घडी पडते. फ्रान्समधल्या तुलूजच्या गटानं २०१५ मध्ये हे दाखवलं.

नराच्या पुढच्या पायांवर जाड काळ्या दातांची एक फणी असते, मादीला नसते. ती आधी आडवी बनते आणि कोषात असताना सुमारे ९० अंशांत फिरून उभी होते.

पंखावरचे केस मोजले तर पेशी मोजल्यासारखं होतं, कारण एका पेशीला एकच केस. सगळ्या केसांची टोकं पंखाच्या टोकाकडे. ही दिशा ठरवणारी जनुकं आपल्या आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांची रांगही लावतात.

आणि तो पंख शेवटी मेलेला असतो. कोषातून आलेली माशी द्रव भरून सुरकुतलेला पंख ताठ करते. त्यानंतर तासा-दोन तासांत पंखाच्या पृष्ठभागाच्या पेशी मरून वाहून जातात. उडतं ते कोरडं कवच. हजारो पेशी वाढवायच्या, उलगडायच्या आणि मग टाकून द्यायच्या: उधळपट्टी म्हणाल तर आहेच.

बीएस्सीवाल्यांसाठी

अनेक महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला फळमाशीच्या अळीची लाळग्रंथी काढून त्यातली मोठी गुणसूत्रं रंगवतात. काळे आकडे चिमट्यानं धरून ओढले की ग्रंथींबरोबर मेंदूही येतो, आणि मेंदू व आकडे यांच्यामध्ये दोन चपट्या, पारदर्शक पिशव्या लटकत असतात. त्या डोळा-मिशीच्या चकत्या. मेंदूमागच्या चेतागुच्छाला चिकटलेल्या गोल घड्या दिसल्या तर त्या पायांच्या. बहुतेक विद्यार्थी हा पसारा बाजूला सारून फेकून देतात, कारण परीक्षेला तो नसतो. यापुढे फेकण्याआधी काचपट्टीवर एक थेंब मीठपाणी घ्या, त्यात त्या ठेवा आणि आधी त्या बघा. गुणसूत्रं पाच मिनिटं थांबू शकतात.